कच्चे टिपण आणि पक्के बिल

२१ सप्टेंबर २०२५ चा रविवार सर्वपित्री अमावास्येचा होता आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, घटस्थापना होती. पितृपंधरवड्यात नवी खरेदी करू नये हा संकेत नाशिकमध्ये अद्याप पुष्कळ घरांत पाळला जातो. परंतु खरेदी करू नये याचा अर्थ खरेदीचा विचारही करू नये असा कोणी घेत नाही, आणि म्हणून त्या रात्री गंगापूर रस्त्यावरील एखाद्या सदनिकेत, पितरांचे पान वाढून झाल्यावर आणि स्वयंपाकघर आवरून झाल्यावर, एखादी गृहिणी मोबाइल घेऊन बसली असेल, मुंबईच्या नणंदेला पाठवायची चिवड्याची चार पाकिटे आणि बेदाण्याची एक पुडी तिने एखाद्या दुकानाच्या संकेतस्थळावरील कार्टमध्ये टाकली असेल, आणि ‘उद्या घट बसले की ऑर्डर देऊ’ असे म्हणून ती निजली असेल, अशी कल्पना करण्यास हरकत नाही. योगायोग असा, की त्याच मध्यरात्रीपासून वस्तू व सेवा कराचे नवे दर अमलात आले आणि पाकीटबंद चिवडा, शेव, फरसाण या मंडळींवरील कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर उतरला.

चिवड्याच्या पाकिटाची करपूर्व किंमत हिशेबाच्या सोयीसाठी २०० रुपये धरू. रविवारी रात्री त्या गृहिणीला पाकिटामागे २२४ रुपये दिसले. सोमवारी सकाळी तीच कार्ट उघडल्यावर तिला २१० दिसले पाहिजेत, आणि न दिसल्यास ती दुकानदाराला जाब विचारील, व तो योग्यच असेल. आता तिची शेजारीण घ्या. पक्ष-पंधरवडा न मानणाऱ्या या बाईंनी १९ तारखेलाच तेच पाकीट त्याच दुकानातून मागवले, पैसे भरले, बिल घेतले आणि त्याच दिवशी माल रवानाही झाला. दिवाळीच्या सुमारास घरखर्चाचा मेळ घालताना त्या हे जुने बिल मोबाइलवर पुन्हा उघडतात तेव्हा तेथे २२४ हाच आकडा दिसला पाहिजे; २१० दिसला, तर दुकानदाराने सरकारात भरलेला कर आणि त्याच्या दप्तरी असलेले बिल यांत १४ रुपयांची तफावत पडली, आणि ती का पडली याची कैफियत देण्याचा प्रसंग त्याच्यावर आला. एकच वस्तू, एकच दुकान, एकच संगणक आणि शब्दशः सारख्या दोन याद्या; त्यांपैकी एक मध्यरात्रीच्या ठोक्याला आपणहून बदलली पाहिजे आणि दुसरी कल्पान्तापर्यंत बदलता कामा नये.

ऑनलाइन दुकानाची प्रणाली रचणाऱ्या माणसाने कार्ट आणि ऑर्डर यांच्याविषयी समजून घ्यावयाचे ते मुख्यतः एवढेच, परंतु हे एवढेच समजण्यास अनेक हुशार माणसांना वर्षे लागतात, कारण दोहोंचे बाह्य रूप त्यांना फसवते. वस्तूंची नावे, त्यांपुढे नग, त्यांपुढे किंमत, खाली बेरीज: कार्ट पाहिली काय आणि ऑर्डर पाहिली काय, कागदावर एकीची दुसरीहून ओळख पटू नये. मात्र कार्ट ही इच्छा आहे आणि ऑर्डर हा दस्तऐवज आहे. आणि इच्छेला जे शोभते ते दस्तऐवजाला शोभत नाही, हे आपल्याकडच्या कारकुनाला संगणक येण्यापूर्वी कित्येक पिढ्या ठाऊक होते.

भद्रकाली किंवा रविवार कारंजा या भागांतील जुन्या किराणा दुकानात महिन्याची यादी घेऊन जाण्याची रीत आठवून पाहा. घरून आणलेल्या वहीच्या पानावर ‘तूरडाळ दोन किलो, गूळ एक किलो, हिंग लहान डबी’ असे लिहिलेले असे. भाव त्यावर लिहिण्याची कोणास बुद्धी होत नसे, कारण भाव हा दुकानात गेल्यावर कळण्याचा विषय होता. यादीवर खाडाखोड चाले, समासात आयत्या वेळी साबुदाणा शिरे, गूळ महाग आहे असे कळल्यावर एक किलोचा अर्धा होई. दुकानदाराने माल बांधला, भाव लावले आणि बिल फाडले, की मात्र वातावरण पालटे. त्या बिलाची स्थळप्रत पुस्तकात राही, त्यावरून रोजकीर्दीत नोंद जाई, रोजकीर्दीवरून खतावणी होई. आणि रोजकीर्दीत चूक झाली तर ती खरवडून दुरुस्त न करता खाली उलट नोंद घालून फेडावी, असा दंडक असे. घरच्या यादीचे पुढे काय होई? बहुधा तिच्यात हिंग बांधला जाई.

‘कार्ट’ हा शब्दही दुकानातूनच आला. अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराने ४ जून १९३७ रोजी आपल्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या दुकानांत चाकांवरची ढकलगाडी आणली. तिची कल्पना त्याला घडीच्या खुर्चीवरून सुचली होती. गिऱ्हाइकांनी प्रथम तिला हात लावण्याचे नाकारले, तेव्हा भाडोत्री माणसे आणून त्याने त्यांना दुकानात गाड्या ढकलीत हिंडावयास लावले, आणि मग इतरांची भीड चेपली. संगणकाच्या जगात या गाडीपुढे वेगळीच अडचण उभी राहिली. संकेतस्थळ चालविणारा दूरचा संगणक स्वभावतः विस्मरणशील असतो. एक पान मागितले, त्याने दिले, आणि मागणारा कोण होता हे तो तत्क्षणी विसरला. अशा विसरभोळ्या दुकानदारापुढे गाडीत एकेक वस्तू टाकीत जायचे कसे? १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली याने तोड काढली ती अशी, की दुकानाने गिऱ्हाइकाच्याच संगणकात एक चिठ्ठी ठेवावी आणि प्रत्येक भेटीच्या वेळी त्या संगणकाने ती दाखवावी. ती चिठ्ठी म्हणजे ‘कुकी’. पुढे जाहिरातवाल्यांनी कुकीचा जो उपयोग केला त्याने ती बदनाम झाली. परंतु तिच्या जन्मामागे हेरगिरीचा हेतू नव्हता, आभासी दुकानातील टोपली कोठे ठेवावी एवढाच प्रश्न होता.

या चिठ्ठीवर नाव नसते, केवळ एक क्रमांक असतो, आणि म्हणून खाते न उघडता, कोणासही आपली ओळख न देता कार्ट भरता येते. पुढे तेच गिऱ्हाईक आपल्या नावाने प्रवेश करते तेव्हा पेच पडतो: निनावी कार्टमध्ये चिवड्याची दोन पाकिटे आहेत, आणि गेल्या आठवड्यात घरच्या संगणकावर आपल्या खात्यातून भरलेल्या कार्टमध्ये एक आहे, आता तीन धरायची, दोन धरायची, की जुनी टाकून नवी ठेवायची? याचे सर्वमान्य उत्तर नाही. माझे मत विचाराल तर दोहोंतील मोठी संख्या घ्यावी आणि गिऱ्हाइकाला तसे सांगावे, कारण बेरीज केल्यास नको असलेला माल माथी मारल्यासारखे होते आणि जुनी टाकल्यास त्याचे कष्ट वाया जातात. परंतु यातील कोणतेही उत्तर दिले तरी आकाश कोसळत नाही, कारण कार्ट ही अद्याप कोणालाच बांधील नाही. ती इसारपावतीसुद्धा नव्हे, मग खरेदीखत कोठून असणार?

ही गोष्ट अमेझॉनच्या अभियंत्यांनी किती दूरवर नेली हे पाहण्यासारखे आहे. २००७ साली त्यांनी ‘डायनॅमो’ नावाच्या आपल्या साठवण-व्यवस्थेवर निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात कार्टचे उदाहरण घेतले. त्यांचा आग्रह असा, की यंत्रे बंद पडोत, तारा तुटोत, गिऱ्हाइकाने ‘कार्टमध्ये टाका’ म्हटले की त्याला नकार मिळता कामा नये. यासाठी एकाच कार्टच्या दोन प्रती दोन यंत्रांवर थोडा वेळ वेगवेगळ्या वाढल्या तरी त्यांनी चालवून घेतले, आणि प्रती पुन्हा भेटल्या की दोहोंतील वस्तू एकत्र करायच्या असे ठरविले. परिणामी गिऱ्हाइकाने काढून टाकलेली वस्तू क्वचित पुन्हा उगवते, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहिले. टाकलेली वस्तू हरवली तर विक्री बुडते, काढलेली वस्तू परत दिसली तर गिऱ्हाईक ती पुन्हा काढील, असा हा व्यापारी तराजू आहे. कार्टविषयी असा सैलपणा क्षम्य, किंबहुना शहाणपणाचा आहे. तोच सैलपणा ऑर्डरमध्ये शिरू दिला, आणि रद्द केलेली ऑर्डर पुन्हा उगवून माल दारात येऊन उभा राहिला, तर त्याला कोणी शहाणपण म्हणणार नाही.

गिऱ्हाइकाच्या इच्छेत दुकानाने आपली इच्छा मिसळावी, हे मात्र कार्टच्या सैलपणातही बसत नाही. दोन वस्तू निवडल्या असता तिसरी, म्हणजे एखादे विमाशुल्क, एखादी देणगी, एखादी भेटवस्तूची वेष्टनपट्टी, न विचारता हिशेबात घालण्याची खोड काही दुकानांना लागली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा फसव्या युक्त्यांची नावनिशीवार यादी काढून त्यांना मनाई केली, तीत या टोपलीतील घुसखोरीला स्वतंत्र स्थान दिले. आराखड्याच्या भाषेत यातून एक लहानसा नियम निघतो: कार्टमधील प्रत्येक ओळीसोबत ती कोणी घातली याची नोंद असावी, आणि ‘गिऱ्हाइकाने’ याखेरीज दुसरे उत्तर आल्यास ती ओळ बेरजेत धरू नये.

इच्छा कोणत्या क्षणी दस्तऐवज होते, हे पाहावयाचे असेल तर नाशिकहून निफाड तालुक्यातील लासलगावी जावे. येथील कृषी उत्पन्न बाजार समिती १९४७ पासून आहे, आणि देशातील कांद्याच्या भावाची चर्चा तिच्या नावाविना पुरी होत नाही. सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आवारात ओळीने लागतात. तेव्हा त्या ट्रॉलीतील कांद्याला आवक म्हणतात. त्याला वजनाचा अंदाज असतो, प्रतीचा अंदाज असतो, भाव नसतो. शेतकऱ्याच्या मनात कालचा भाव असतो, व्यापाऱ्याच्या मनात परवाच्या रवानगीचा. मग व्यापाऱ्यांचा घोळका समितीच्या माणसासह ट्रॉलीपाशी येतो, मूठभर कांदे उचलून पाहिले जातात, बोली चढते, थांबते, आणि समितीचा माणूस चिठ्ठीवर शेतकऱ्याचे नाव, व्यापाऱ्याचे नाव आणि क्विंटलचा भाव लिहितो. हे सारे मिनिटभराचेही काम नसते. परंतु त्या मिनिटापूर्वी शेतकऱ्याला ‘नाही देत’ म्हणून ट्रॅक्टर चालू करण्याची मुभा असते आणि त्या मिनिटानंतर ट्रॉली काट्यावर जाते, वजन होते, हिशोबपट्टी होते आणि चिठ्ठीवरचा भाव हाच भाव असतो. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राची कांदा-निर्यातबंदीची अधिसूचना निघाली आणि पाठोपाठ भाव कोसळले, शेतकऱ्यांत संतापाची लाट उठली. तरी त्यापूर्वीच्या दिवसांच्या हिशोबपट्ट्यांवरील आकडे त्यासरशी उतरले नाहीत, आणि उतरावेत असे कोणाच्या स्वप्नातही आले नाही. चिठ्ठीवर भाव लिहिला जातो, ‘भाव फलकावर पाहावा’ असे लिहिले जात नाही.

प्रणालीच्या आराखड्यातील भेद तंतोतंत हाच आहे. कार्टच्या ओळीत वस्तूचा निर्देश आणि नग एवढेच असावे. किंमत दर वेळी फलकावरून, म्हणजे वस्तूंच्या चालू यादीतून, वाचावी. फार तर गिऱ्हाइकाने शेवटी पाहिलेली किंमत बाजूला टिपून ठेवावी, म्हणजे ‘आपण पाहिल्यापासून भाव उतरला आहे’ असे सांगण्याची सभ्यता दाखविता येते. ऑर्डरच्या ओळीत मात्र चिठ्ठीप्रमाणे सर्व मजकूर उतरवून घ्यावा: वस्तूचे त्या दिवशीचे नाव, त्या दिवशीची किंमत, कराचा दर आणि कराची रक्कम, वस्तूचा कर-वर्गीकरणातील क्रमांक, मोजमापाचे एकक, दिलेली सूट. एकाच गोष्टीची दोन ठिकाणी नोंद करू नये असे डेटाबेसच्या पहिल्या पाठातच शिकविले जाते, आणि म्हणून नवख्या अभियंत्याचा हात येथे आखडतो. नाव यादीत आहेच, पुन्हा का लिहावे, असे त्याला वाटते. परंतु ही एकाच गोष्टीची दोनदा केलेली नोंद नव्हे. चिवड्याची किंमत ही एक गोष्ट आणि १९ सप्टेंबरला शेजारीणबाईंनी चिवड्याला दिलेली किंमत ही दुसरी; पहिली बदलते, दुसरी घडून गेली.

एककाचा उल्लेख वर सहज केला, परंतु नाशिक जिल्ह्यात तो सहज घेण्याचा विषय नाही. कांदा क्विंटलने जातो, पिंपळगाव बसवंतला टोमॅटो वीस किलोच्या क्रेटने जातो, आणि नाशिकच्या बाजार समितीत कोथिंबिरीचा भाव शंभर जुड्यांवर पुकारला जातो. समजा, एका घाऊक दुकानाने टोमॅटोचे एकक आज क्रेट ठेवले आणि पुढच्या हंगामात किलो केले, आणि जुन्या ऑर्डरीत केवळ ‘३’ एवढा आकडा आहे व एकक वस्तूच्या चालू नोंदीतून वाचले जाते, तर साठ किलो टोमॅटोची जुनी खरेदी एका रात्रीत तीन किलोंची होते, आणि त्यासाठी भरलेले पैसे तेवढेच राहतात. हिशेब तपासनीसाला हा टोमॅटो सोन्याचा होता काय अशी शंका आली तर त्याला दोष देता येणार नाही.

पत्त्याचेही तसेच. नाशिकच्या दुकानातून मुंबईला माल गेला तर केंद्राचा आणि राज्याचा कर निम्मानिम्मा लागतो. तोच सुरतेस गेला तर एकात्मिक कर लागतो. कोणता लावायचा हे माल पोचविण्याच्या पत्त्यावरून ठरते. सुरतेत राहणारे एखादे मराठी कुटुंब पुण्यास बदलून आले, त्यांनी खात्यातील पत्ता दुरुस्त केला, आणि ऑर्डरीत पत्त्याची नक्कल नसून खात्यातील पत्त्याकडे बोट दाखविलेले असेल, तर सुरतेस पोचलेला जुना माल कागदोपत्री पुण्यास पोचलेला दिसू लागतो आणि त्यावरील कर चुकीचा ठरतो. गिऱ्हाइकाने केवळ घर बदलले होते.

पैशाविषयी दोन शब्द. संगणक आकडे द्विमान पद्धतीने लिहितो आणि त्या पद्धतीत दहा पैसे, म्हणजे रुपयाचा एक-दशांश, कधीच पूर्ण लिहून होत नाही, जसा दशमान पद्धतीत एक-तृतीयांश ०.३३३ असा अखंड लांबत जातो. तेव्हा रक्कम अपूर्णांकी रुपयांत न ठेवता पूर्णांकी पैशांत ठेवावी. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, त्यापूर्वी रुपया-आणे-पैचा हिशेब करणारा कारकूनही मनात याच युक्तीने चाले. रुपयाच्या १९२ पया करून बेरीज करावी आणि मग वर चढवावी. दुसरी गोष्ट सुटीची. शंभर रुपयांची एकत्रित सूट सारख्या किमतीच्या तीन वस्तूंवर वाटायची तर ३३ रुपये ३३ पैसे दोनदा आणि ३३ रुपये ३४ पैसे एकदा, असे लिहून ठेवणे भाग आहे. हा एक पैसा कोणत्या ओळीवर पडला हे ऑर्डर नोंदतेवेळीच ठरवावे लागते, कारण उद्या तीनांपैकी एक वस्तू परत आली तर किती पैसे परत करायचे याचे उत्तर तिथल्या तिथे वाचता आले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका दुकानाच्या प्रणालीचा आराखडा तपासण्याचा प्रसंग मजवर आला. तिच्यात कार्ट आणि ऑर्डर यांचे टेबल एकच होते; ‘स्टेटस’ नावाचा एक रकाना होता आणि त्यात ‘कार्ट’ हा शब्द पुसून ‘ऑर्डर’ लिहिला की कार्टची ऑर्डर झाली असे मानले जाई. रचना देखणी होती आणि तिचा कर्ता तिच्यावर संतुष्ट होता. मी स्वतः तरुणपणी असाच आराखडा केला असल्यामुळे मला पुढची कथा ठाऊक होती. पंधरा-तीस दिवस कोणी न शिवलेल्या याद्या रात्री झाडून टाकणारी एक लहानशी आज्ञावली तेथे होती, आणि पैसे येणे बाकी असलेल्या काही ऑर्डरी ‘स्टेटस’ मागे राहिल्यामुळे त्या झाडूखाली गेल्या होत्या. हंगाम संपलेल्या वस्तू मालकाने यादीतून काढल्या तेव्हा जुन्या बिलांत नावावाचून नुसते नग उरले होते. मालकाला मी इतकेच विचारले, की आपल्या दुकानात गिऱ्हाइकाची यादी आणि आपले बिलबुक एकाच वहीत ठेवता काय? तो हसला. त्याच्या दुकानात बिलबुक तिजोरीत असे.

कार्टपासून ऑर्डरपर्यंतचा पूल अरुंद आहे, आणि त्याच्यावर बरेच काही एकदम घडावे लागते: भाव पुन्हा वाचणे, साठा आहे याची खात्री, कराची आकारणी, पैशाची वसुली आणि नोंद, यांतील एक जरी फसले तर उरलेलेही झाले नाही असे व्हावे लागते. इकडे गिऱ्हाईक अधीर. कळ दाबली, पडदा थबकला, म्हणून त्याने पुन्हा दाबली. २०१६ साली आलेल्या यूपीआयने पैसे देणे सोपे केले, परंतु खात्यातून पैसे वजा झाले आणि दुकानाकडे निरोप उशिरा पोचला, असा प्रसंग ज्याने अनुभवला नाही असा वाचक विरळा. यावर उपाय पावतीपुस्तकाचाच आहे. पुस्तकातील पावतीवर क्रमांक आधीच छापलेला असतो, म्हणून एका क्रमांकाची पावती दोनदा फाटत नाही; त्याप्रमाणे गिऱ्हाईक अखेरच्या पानावर येताच त्या प्रयत्नाला एक क्रमांक द्यावा, आणि त्याच क्रमांकाची मागणी पुन्हा आल्यास नवी ऑर्डर न करता आधीचीच दाखवावी. सरकारी बिलाचा क्रमांक मात्र याहून निराळा ठेवावा. तो आर्थिक वर्षात अनुक्रमाने चालावा लागतो आणि सोळा अक्षरांहून लांब असून चालत नाही.

साठ्याचा प्रश्न चिवड्याला फारसा पडत नाही. तो येवल्याच्या पैठणीला पडतो. हातमागावर कित्येक आठवडे, प्रसंगी महिने, विणली गेलेली पैठणी एकच असते, त्या पदराची, त्या रंगाची, त्या मोरांची दुसरी नसते. ती एकाच वेळी पुण्याच्या एका बाईंच्या आणि ठाण्याच्या दुसऱ्या बाईंच्या कार्टमध्ये असू शकते, आणि असावीही. इच्छा करण्यास दोघींनाही मोकळीक आहे. कार्टमध्ये पडताच वस्तू अडवून ठेवली, तर चार हौशी गिऱ्हाइके रात्रभर मोबाइलवर पदर न्याहाळीत बसून सारे दुकान रिकामे भासवू शकतील. परंतु अगदी शेवटपर्यंत न अडवल्यास पुण्याच्या बाई बँकेचा सांकेतिक क्रमांक घालीत असताना ठाण्याच्या बाई पैठणी घेऊन जातील. म्हणून पैसे भरण्याच्या पानावर आल्यावर दहा-पंधरा मिनिटांची मुदत घालून ती वस्तू अडवावी, मुदत टळली की सोडावी. येवल्यातील दुकानदार ‘तासाभरात येते, तेवढी बाजूला ठेवा’ या शब्दावर हेच करतो; फक्त त्याची मुदत गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून ठरते, आणि ती कला यंत्रास अद्याप साधलेली नाही.

ऑर्डर बदलता कामा नये असे वर म्हटले, आणि तरीही तिचे आयुष्य घटनांनी भरलेले असते: रक्कम आली, माल बांधला, रवाना झाला, पोचला, एक पाकीट फुटके निघाले, परत आले. या सर्व घटना मूळ मजकुराखाली एकाखाली एक, तारीखवार, लिहिल्या जाव्यात. मूळ मजकुराला हात लावू नये. फुटक्या पाकिटाचे पैसे परत द्यायचे तर चारांच्या जागी तीन लिहायचे नाहीत, स्वतंत्र क्रेडिट नोट काढायची. कायद्याची मागणीही तीच आहे आणि रोजकीर्दीतील उलट नोंदीची परंपराही तीच. एका ऑर्डरीचा माल दोन खोक्यांतून दोन दिवशी जाऊ शकतो, तेव्हा ‘पोचली’ हा शब्द साऱ्या ऑर्डरीला न लावता प्रत्येक ओळीला लावावा लागतो. एरिक एव्हान्स यांनी सॉफ्टवेअर-रचनेवरील २००३ च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे त्याप्रमाणे ओळी मात्र ऑर्डरपासून सुट्या पडू देऊ नयेत. दोन कारकुनांनी एकाच वेळी दोन निरनिराळ्या ओळी वाढविल्या, प्रत्येकाने आपापल्यापुरती मंजूर मर्यादा पाळली, आणि बेरीज मर्यादेबाहेर गेली, असे होऊ शकते. म्हणून ओळीपर्यंत पोचण्याची वाट ऑर्डरच्या दारातूनच असावी.

ताज्या मालाने तर हे सारे शास्त्र हलवून सोडले आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, बाजार बंद झाले, तेव्हा दिंडोरी तालुक्यातील मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी, जी विलास शिंदे यांच्या पुढाकाराने मुख्यतः द्राक्ष-निर्यातीतून वाढली होती, भाज्या-फळांच्या टोपल्या बांधून शहरांतील वसाहतींत थेट पोचवू लागली. येथे ‘टोपली’ हा शब्द कार्टच्या अर्थी नाही; ती विकणाऱ्याने आधीच भरलेली, एका किमतीची, अनेक वस्तूंची मोट आहे. अशी मोट ऑर्डरीत कशी लिहावी? एक ओळ म्हणून लिहिली तर आतील टोमॅटो सडका निघाल्यास किती पैसे परत द्यायचे ते कळत नाही. प्रत्येक भाजी स्वतंत्र लिहिली तर टोपलीची एकत्र किंमत हरवते. तेव्हा वर टोपलीची ओळ आणि तिच्या पोटात, त्या दिवशी खरोखर भरलेल्या भाज्यांच्या उपओळी, असे दुमजली लिहिणे भाग पडते. सुट्या कलिंगडाची गोष्ट आणखी अवघड आहे: मागणी तीन किलोंची असते आणि कलिंगड तीन किलो दोनशे ग्रॅमचे निघते, कापून दोनशे ग्रॅम परत ठेवता येत नाहीत. अशा ठिकाणी मागितलेले वजन आणि दिलेले वजन असे दोन रकाने ठेवून बिल दुसऱ्यावर करणारी दुकाने मला अधिक प्रामाणिक वाटतात. लासलगावच्या काट्यावरही हिशोब ट्रॉलीच्या अंदाजावर होत नाही.

आता त्या गंगापूर रस्त्यावरील गृहिणीकडे वळू. सोमवारी घट बसले, आरती झाली, तिने कार्ट उघडली, चिवडा २१० झालेला पाहिला, बेदाण्याची पुडी नणंदेकडे मुंबईतच मिळते असे मनात येऊन ती काढून टाकली, आणि ऑर्डर दिली. त्या चार पाकिटांच्या ८४० रुपयांची नोंद कायद्याप्रमाणे, २०२५-२६ च्या वार्षिक विवरणपत्राच्या नियत तारखेपासून, म्हणजे ३१ डिसेंबर २०२६ पासून, आणखी ७२ महिने दुकानदाराला जपावी लागेल. मुदतवाढ मिळाली नाही तर ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत कोणीही अधिकारी ती मागू शकतो. बेदाण्याची पुडी कार्टसोबतच गेली.